खुब्याचा एव्हीएन आणि एमआरआय: रिपोर्टमध्ये काय बघायचं, काय विचारून घ्यायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ ३७ वर्षांचा, अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारासाठी, मागच्या वर्षी चार-पाच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या. तीन महिन्यांपासून उजव्या जांघेत दुखतंय. सुरुवातीला एक्स-रे काढला तो नॉर्मल आला, स्नायू दुखावलाय म्हणून शेक आणि पेनकिलर. दुखणं वाढतच गेलं म्हणून एमआरआय झाला, त्यात लिहून आलं की दोन्ही खुब्यांत एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरणं), उजवा स्टेज टू, डावा स्टेज वन, उजवीकडे मॅरो एडिमा (हाडाच्या मगजात सूज) आणि सांध्यात थोडं पाणी. आता तुम्ही विचारताय की एक्स-रे खरा की एमआरआय, डावा खुबा अजिबात दुखत नाही तरी त्यात आजार कसा, कॉन्ट्रास्ट (फोटो उजळवायला शिरेतून द्यायचं औषध) घालून परत स्कॅन करावा का, आणि हा रिपोर्ट हातात घेऊन पुढे नेमकं काय विचारायचं.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, हाडांचे आणि सांध्यांचे एमआरआय वाचणं हेच बावीस वर्षं करतोय. ऑपरेशन करायचं की नाही आणि कुठलं, हे मी सांगणार नाही, ते तुमचे ऑर्थोपेडिक सर्जन भावाला टेबलावर झोपवून पाय फिरवून बघतील तेव्हाच ठरेल. पण त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत काय दिसतं, काय दिसत नाही, आणि ‘एव्हीएन स्टेज टू’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट अर्धाच का असतो ते नीट सांगतो, कारण इथंच लोकांचे महिनेच्या महिने वाया जाताना मी बघितलेत.

एक्स-रे आणि एमआरआय, दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जो कमरेच्या वाटीत फिरतो, त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या हाडाच्या मानेवरून चढत वर जातात आणि गोळ्यात जाऊन संपतात, पलीकडून दुसरा मोठा रस्ता नाही. त्यामुळे त्या कोंडल्या की गोळ्याच्या वरच्या-पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथल्या पेशी मरतात. पण पेशी मेल्या म्हणून हाडाचा सांगाडा लगेच कुठे जातो? कॅल्शियम तिथंच असतं, जाळी तशीच उभी असते, आणि एक्स-रे फक्त कॅल्शियम बघतो. त्याला सगळं जागच्या जागी दिसतं. शरीर मेलेलं हाड खायला आणि कडेनं नवं हाड घालायला लागतं तेव्हा कुठे एक्स-रेवर पांढुरके-काळसर डाग येतात, आणि त्यात महिने जातात. म्हणून स्टिरॉइडचा इतिहास, जांघेत दुखणं आणि एक्स-रे नॉर्मल असा पेशंट आला तर तो नॉर्मल एक्स-रे ‘एव्हीएन नाही’ असं सांगत नसतो, ‘हाड अजून बसलेलं, म्हणजे दबून चपटं झालेलं, दिसत नाही’ एवढंच सांगतो.

एमआरआय वेगळी गोष्ट बघतो, हाडाच्या आतला मगज म्हणजे मॅरो, त्यातली चरबी आणि पाणी. मोठ्या माणसाच्या खुब्याच्या गोळ्यात बहुतेक पिवळा मगज म्हणजे चरबीच असते आणि टी-वन नावाच्या फोटोत चरबी पांढरीशुभ्र दिसते. आता एक गोष्ट सांगतो जी पेशंटला सोडाच, नव्या डॉक्टरांनाही पहिल्यांदा पटत नाही. मेलेली चरबीसुद्धा बराच काळ पांढरीच दिसते. म्हणजे मेलेला भाग काळा आणि जिवंत भाग पांढरा असा सोपा हिशोब नाहीये. भावाचा स्कॅन तुमच्याकडे असेल तर समोरून कापल्यासारखे जे फोटो असतात, कोरोनल, त्यातला टी-वन काढा. गोल पांढरा गोळा दिसेल, आणि त्याच्या वरच्या भागात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी काळी रेघ गेलेली दिसेल, नकाशावर तालुक्याची हद्द काढावी तशी. रेघेच्या वर पांढरं, खालीही पांढरं. नवखा माणूस म्हणेल, एवढीशी रेघ तर आहे. पण ती रेघ हीच हद्द आहे. तिच्या वरचा, सांध्याच्या बाजूचा तुकडा मेलाय आणि खालचा जिवंत आहे, आणि जिवंत हाडानं मेलेल्या हाडाशी जिथं झुंज सुरू केली तिथं ती उमटलीय.

टी-टू फोटोत त्याच जागी बहुतेकदा दोन रेघा दिसतात, आतली चकचकीत पांढरी आणि बाहेरची काळी. आतली म्हणजे दुरुस्तीसाठी घुसलेला ओलसर, रक्ताळलेला कोवळा थर, बाहेरची म्हणजे जिवंत बाजूला घट्ट झालेलं हाड. यालाच डबल लाइन साइन म्हणतात. १९८७ साली अमेरिकेत डोनाल्ड मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, आणि मेलेल्या तुकड्याचा सिग्नल आधी चरबीसारखा, मग रक्तासारखा, मग पाण्यासारखा आणि शेवटी तंतूंसारखा कसा होतो त्याचे अ-ब-क-ड टप्पेही त्यांनीच लावले. ही खूण दिसली की बाकी वाद फारसा उरत नाही. मात्र ज्या फोटोंत चरबी दाबून टाकलेली असते, स्टिर वगैरे, त्यात दोन रेघा दिसतीलच असं नाही, बऱ्याचदा एकच पांढरी रेघ दिसते. म्हणून कुणी एकाच प्रकारचे फोटो बघून ‘डबल लाइन नाही म्हणजे एव्हीएन नाही’ असं म्हणत असेल तर ते चूक आहे.

डाव्या खुब्याचं तुम्ही विचारलंत, तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दुखत नाही तर आजार कसा? अपघातात मांडीच्या हाडाची मान मोडून किंवा खुबा निखळून झालेला एव्हीएन एकाच बाजूला असतो कारण मार तिथंच लागलेला असतो. पण स्टिरॉइड, दारू, ल्युपस, सिकलसेल या कारणांनी होतो तेव्हा कारण सगळ्या अंगात फिरत असतं, त्यामुळे अर्ध्याहून जास्त पेशंटमध्ये दोन्ही खुबे सापडतात. आणि हाड मरताना दुखेलच असं नसतं. सांधा जेव्हा ओरडायला लागतो तेव्हा बहुतेकदा तो मेलेला तुकडा वजनाखाली चिरायला लागलेला असतो, नाहीतर मगजात सूज आलेली असते. डावा अजून शांत आहे आणि आत्ताच सापडलाय, ही भावाच्या बाजूची गोष्ट आहे, तिचा उपयोग करून घ्या. म्हणूनच मी कुठल्याही पेशंटचा ‘फक्त उजवा खुबा’ असा स्कॅन करू देत नाही. दोन्ही खुबे एकत्र येतील असे कोरोनल टी-वन आणि स्टिर आधी घ्यायचे, मग दुखऱ्या बाजूचे जवळून बारीक फोटो, आणि त्यात बाजूने कापलेले सॅजिटल हवेतच. दुसरा खुबा बघायला जेमतेम दहा मिनिटं जास्त लागतात. पैसे वाचवायला एकच बाजू काढून आणलेले पेशंट सहा-आठ महिन्यांनी दुसरी बाजू बसल्यावर परत येतात, ते बघताना मला खरंच वाईट वाटतं.

आता रिपोर्टमधल्या त्या ‘स्टेज टू’कडे येऊ, कारण माझं खरं म्हणणं इथं आहे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत फिकॅट आणि आर्ले या दोन फ्रेंच डॉक्टरांची, ती एमआरआय यायच्या आधीची आहे, म्हणजे मुळात एक्स-रेवर बेतलेली. तिच्यात स्टेज वन म्हणजे एक्स-रे नॉर्मल, स्टेज टू म्हणजे एक्स-रेवर घट्टपणा किंवा पोकळ्या दिसतात पण गोळ्याचा आकार शाबूत, स्टेज थ्री म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागाखाली चीर पडली किंवा गोळा बसला, स्टेज फोर म्हणजे सांधाच झिजला. मग भावाचा एक्स-रे नॉर्मल असताना एमआरआयवाल्यांनी स्टेज टू कुठून आणली? दोन शक्यता. एक, तीन महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेत काही नव्हतं पण आज काढला तर दिसेल. दोन, फक्त एमआरआयवर अंदाजानं आकडा टाकलाय. म्हणून सर्जनकडे जाताना आजच्या तारखेचा नवा एक्स-रे काढून घ्या, आणि फक्त समोरून नको, बेडकासारखा पाय बाहेर वळवून काढतात तो फ्रॉग लॅटरल पण हवा. गोळ्याचा पुढचा भाग त्यातच मोकळा दिसतो, आणि पृष्ठभागाखालची चंद्रकोरीसारखी काळी फट, क्रेसेंट साइन, तीही बहुतेकदा त्यातच पकडता येते. समोरून काढलेल्या फोटोत वाटीची कड त्यावर येते आणि झाकून टाकते.

एआरसीओ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये स्टेजिंग सुधारून मांडलं, त्यात एमआरआय आणि एक्स-रे दोन्ही धरलेत आणि स्टेज थ्रीचे दोन भाग केलेत, गोळा २ मिलिमीटरपर्यंत बसलेला तो थ्री-ए आणि त्याहून जास्त बसलेला तो थ्री-बी. तुमच्या रेडिओलॉजिस्टनी कुठली पद्धत वापरली ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असायला हवं. नसेल तर फोन करून विचारा, त्यात संकोच करू नका, मला रोज असे दोन-तीन फोन येतात आणि यायलाच हवेत.

पण स्टेजपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मेलेला तुकडा किती मोठा आहे आणि कुठं आहे. दोन माणसं, दोघंही स्टेज टू. एकाचा तुकडा शेंगदाण्याएवढा, गोळ्याच्या आतल्या बाजूला, जिथं वजन फारसं येत नाही. दुसऱ्याचा निम्मा गोळा व्यापणारा, बरोबर वर, जिथं चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट जोर येतो. पहिल्याचा खुबा वर्षानुवर्षं न बसता राहू शकतो, दुसऱ्याचा वर्ष-दोन वर्षांत बसायची भीती मोठी. कागदावर मात्र दोघांचं एकच, ‘स्टेज टू’. हे मोजता येतं, आणि मोजायला वेगळं मशीन लागत नाही. कोरोनलचा बरोबर मधला फोटो घ्यायचा, गोळ्याच्या केंद्रापासून मेलेल्या भागाच्या दोन टोकांना रेघा काढायच्या, मधला कोन मोजायचा. मग सॅजिटलच्या मधल्या फोटोत तसंच करायचं आणि दोन्ही कोनांची बेरीज. याला मॉडिफाइड केरबूल अँगल म्हणतात. कोरियातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये हे तपासून दाखवलं, बेरीज १९०च्या आत असेल तर बसण्याचा धोका कमी, १९० ते २४० मधला, २४०च्या पुढे जास्त. समजा भावाच्या उजव्या खुब्यात एकात ११० आणि दुसऱ्यात १०० आले तर २१०, म्हणजे मधल्या गटात. डाव्यात ६० आणि ७० आले तर १३०, ती पुष्कळ दिलासा देणारी गोष्ट आहे. मी हे आकडे फक्त उदाहरणाला घेतलेत, भावाचे त्याच्याच सीडीवरून मोजावे लागतील. जपानी डॉक्टर आणखी एक सोपी गोष्ट बघतात, वजन पेलणाऱ्या पृष्ठभागाचा किती भाग मेलेल्या तुकड्यावर येतो आणि तो तुकडा बाहेरच्या बाजूला वाटीच्या कडेच्याही पलीकडे गेलाय का. गेला असेल तर तो सगळ्यात वाईट गट.

आता उजवीकडचा मॅरो एडिमा आणि पाणी. हे वाक्य रिपोर्टात शेवटी, बारीक कुठंतरी असतं आणि लोक ते सोडून देतात. मी मात्र तिथं थांबतो. एव्हीएन नुसता पडून असतो तेव्हा रेघ असते पण आजूबाजूचा मगज साधारण शांत असतो. स्टिर फोटोत गोळ्यापासून खाली मानेपर्यंत पांढरा धुरळा पसरलेला दिसला आणि सांध्यात पाणी आलं, की मनात पहिला प्रश्न हाच यायला हवा की पृष्ठभागाखाली चीर तर नाही ना पडली. एडिमाचा दुखण्याशी आणि पुढे गोळा बसण्याशी जवळचा संबंध आहे. आणि गंमत नाही, खरी अडचण आहे, की एव्हीएन ओळखायला एमआरआयच्या तोडीचं काही नसलं तरी ती केसासारखी चीर त्याच्यातून निसटू शकते. तिथं सीटी स्कॅन सरस ठरतो, बारीक कापांचा, एकच भाग, पाच मिनिटांचं काम. ज्याला जास्त दुखतंय, एडिमा भरपूर आहे आणि एमआरआयवर चीर नीट दिसत नाही, अशा पेशंटला मी रिपोर्टमध्येच सीटी सुचवतो. कारण चीर पडलेली नसेल तर सर्जनकडे खुबा वाचवायचे मार्ग आहेत, कोअर डीकम्प्रेशन म्हणजे हाडात बारीक बोगदा पाडून आतला दाब कमी करणं, त्यात स्वतःच्या मगजातल्या पेशी सोडणं वगैरे. एकदा गोळा बसला की या सगळ्याचा उपयोग झपाट्यानं कमी होतो आणि बोलणी रिप्लेसमेंटकडे, म्हणजे सांधा बदलण्याकडे, जातात. भावाच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात तातडीचा प्रश्न हाच आहे, उजव्या गोळ्याला चीर आहे की नाही. बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं.

कॉन्ट्रास्ट? नको. साधा स्कॅन नीट काढलेला असेल तर एव्हीएनसाठी हातात सुई टोचून गॅडोलिनियम द्यायची गरज नसते. देतात कधी, तर निदानच डळमळीत असताना. उलट स्कॅनची क्वालिटी बघा. कमी ताकदीच्या उघड्या मशीनवर, हलत-हलत, फक्त कोरोनलमध्ये काढलेला स्कॅन असेल तर कॉन्ट्रास्टपेक्षा १.५ किंवा ३ टेस्लाच्या मशीनवर नीट परत काढणं जास्त कामाचं. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, तेव्हा त्या भीतीनं थांबायचं कारण नाही. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं इम्प्लांट, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगायचं, बाकी अंगावरचं सगळं, कडं, ताईत, केसातल्या पिना, बाहेर काढून ठेवायच्या.

निदान डळमळीत म्हणजे काय, ते सांगतो, कारण उलट बाजूची चूकही होते. काही वर्षांपूर्वी एक बाई आली, आठवा महिना, डाव्या खुब्यात एवढं दुखत होतं की दोघांनी धरून आणलं. बाहेरच्या रिपोर्टात एव्हीएन लिहिलं होतं आणि बाळंतपणानंतर ऑपरेशनची तयारी ठेवा असं घरच्यांना सांगितलेलं, नवरा रडवेला झालेला. मी टी-वन उघडला, पुढं-मागं तीन वेळा बघितला, रेघच नव्हती. गोळा आणि मान सगळी पाण्यानं भरल्यासारखी, स्टिरमध्ये लख्ख पांढरी, पण हद्द कुठंच नाही. हा ट्रान्झिएंट ऑस्टिओपोरोसिस, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि मध्यम वयाच्या पुरुषांमध्ये होतो, वजन टाकू न देता सांभाळलं की आपोआप बरा होतो. मूल झालं, काही महिन्यांनी परत स्कॅन केला तर खुबा स्वच्छ होता. एव्हीएन असा पुसून जात नाही. म्हणून एडिमा आणि एव्हीएन हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. तुमच्या रिपोर्टात ‘बँड’ किंवा ‘जिऑग्राफिक लीजन’ असं काही लिहिलंय का बघा, ते असेल तर रेघ दिसलीय.

एव्हीएनसारखाच दिसणारा आणखी एक आजार आहे, सबकॉन्ड्रल इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर, ठिसूळ हाडाला साध्या वजनानं पडलेली चीर, वयस्कर बायकांत जास्त. तिथंही काळी रेघ असते, पण ती वेडीवाकडी, सांध्याच्या पृष्ठभागाला समांतर आणि त्याच्याकडे फुगलेली असते. एव्हीएनची रेघ गुळगुळीत, मेलेल्या तुकड्याला खालून वाटीसारखी धरणारी. इथं कधीकधी कॉन्ट्रास्ट उपयोगी पडतो, रेघेच्या वरचा तुकडा उजळला तर त्यात रक्त येतंय, म्हणजे तो जिवंत आहे. आपल्याकडे खुब्याचा टीबीही विसरायचा नाही, त्यात सांध्याच्या दोन्ही बाजू, गोळा आणि वाटी, खराब दिसतात, अस्तर जाड होतं, ताप आणि वजन घटणं असतं. आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट बघणाऱ्यांना माहीत असेल, त्यांच्या हाडात लाल मगज एवढा भरलेला असतो की टी-वनची पांढरी पार्श्वभूमीच काळवंडते आणि रेघ हुडकावी लागते, तिथं घाईत रिपोर्ट केला की एव्हीएन निसटतो.

गुडघ्याबद्दल एक सांगायलाच हवं. चाळिशीतले एक रिक्षावाले सहा महिने गुडघा दुखतो म्हणून फिरत होते. गुडघ्याचे दोन एक्स-रे, एक एमआरआय, सगळं ठीक, इंजेक्शनं झाली, तेल झालं, पट्टा झाला. माझ्याकडे गुडघ्याचाच परत स्कॅन लिहून आला होता. टेबलावर पाय सरळ ठेवायला सांगितलं तर पाय बाहेर वळलेला. विचारलं, मांडी घालून बसता येतं का? म्हणाले, नाही हो साहेब, चार महिने झाले, जेवायला पण खुर्ची लागते. गुडघा वाकवून पाय बाजूला नेला, म्हणजे खुबा आतल्या अंगाला वळवला, तर ते कळवळलेच. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, ते लगेच हो म्हणाले आणि दोन्ही खुब्यांचे कोरोनल घेतले, दोन्हीकडे एव्हीएन, एक बसलेला. खुब्याची आणि गुडघ्याची नस एकच असते, त्यामुळे खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. मांडी घालता न येणं, उकिडवं बसताना जांघेत कळ, टू-व्हीलरवर पाय टाकताना लागणं, खाली वाकून मोजे किंवा चप्पल घालता न येणं, या आपल्या रोजच्या खुणा एक्स-रेच्या आधी बोलतात. स्टिरॉइड किंवा रोजची दारू यांच्यापैकी काही असेल आणि यातली एक जरी खूण असेल तरी खुब्याचा एमआरआय करायला वाट बघू नये.

स्टिरॉइडचा डोस किती झाला की धोका, हे खूप जण विचारतात. २००३ च्या सार्सनंतर हाँगकाँगमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या २५४ जणांचे एमआरआय काढले होते, १२ जणांत एव्हीएन सापडला, आणि ज्यांचा एकूण डोस प्रेडनिसोलोनच्या हिशोबात ३ ग्रॅमच्या वर होता त्यांच्यात प्रमाण कितीतरी जास्त होतं. आपल्याकडे कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तीन पेशंट छापले, त्यांचा सरासरी डोस साडेसातशे मिलिग्रॅमच्या आसपासच होता आणि दुखणं कोविडनंतर सरासरी ५८ दिवसांतच सुरू झालं होतं. तीनच पेशंट, त्यावरून नियम काढता येत नाही, पण ‘एवढ्या कमी डोसनं काही होत नाही’ असं छातीठोक सांगू नये एवढं तरी त्यातून कळतं. तुमच्या भावाचा पाच महिन्यांचा एकूण डोस जुन्या चिठ्ठ्या बघून मांडा, सर्जनना आणि पोटाच्या डॉक्टरांना दोघांनाही द्या. मात्र गोळ्या अजून चालू असतील तर घाबरून स्वतःहून अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं, पोटाच्या डॉक्टरांनाच दुसरं औषध शोधू द्या. आणि ‘सांधेदुखीची आयुर्वेदिक पुडी’ म्हणून नाव-गाव नसलेली पावडर कुणी आणून देत असेल तर अजिबात नको, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघतं.

मग आता करायचं काय ते भावापुरतं सांगतो. सीडी जपून ठेवा, नुसते कागदी फिल्म नाहीत, कारण कोन मोजायचा तर मूळ फोटो लागतात. दोन्ही खुब्यांचा नवा एक्स-रे, समोरून आणि फ्रॉग लॅटरल, याच आठवड्यात. रेडिओलॉजिस्टना चार गोष्टी विचारा: दोन्हीकडे तुकडा किती मोठा, तो वजनाच्या जागेत किती, उजवीकडे चीर आहे का, आणि गोळ्याची गोलाई शाबूत आहे का. चीर आहे-नाही असं गुळमुळीत उत्तर आलं तर उजव्याचा सीटी. तोवर उजव्या पायावर उड्या, धावणं, जड उचलणं बंद, आणि काठी वापरायची तर डाव्या हातात धरायची, दुखऱ्या बाजूच्या हातात नाही. काठीनं गोळा बसायचा थांबतोच असं सांगता येत नाही पण कळ नक्की कमी होते. गुडघे किंवा खांदेही दुखत असतील तर तेही सांगा, स्टिरॉइडच्या पेशंटमध्ये तिथंही हेच निघू शकतं. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारख्या, हाडाची झीज कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल सर्जन बोलतील, त्यावर हिंदुजाच्या डॉक्टरांनीच बरीच वर्षं काम केलंय, इतरांच्या अभ्यासात निकाल दोन्ही बाजूंनी आलेत, त्यामुळे भावाच्या तुकड्याचा आकार आणि चीर हे कळल्यावरच त्याला अर्थ आहे.

डाव्या खुब्याचा एमआरआय दर महिन्याला काढायची गरज नाही. तुकडा लहान असेल तर सर्जन ठरवतील त्याप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे आणि लागला तर छोटा एमआरआय, नुसते कोरोनल टी-वन आणि स्टिर, पुरतो. पण त्या शांत डाव्या जांघेत एखाद्या दिवशी अचानक कळ सुरू झाली, चालताना लंगडायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात फ्रॉग लॅटरल काढा आणि जुनी सीडी सोबत न्या, शेजारी-शेजारी लावून बघितलं की गोळा बसायला लागलाय का ते बहुतेकदा तिथंच कळतं.